प्रवरेकाठचा कोळसा

भंडारदऱ्याच्या सहलीचा रिपोर्ट आम्ही सगळ्यांनी लिहिला आणि खरं सांगायचं तर निम्म्यांनी एकमेकांचा बघून लिहिला. विल्सन धरणाचं काम १९१० साली सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं, उंची सुमारे ८२ मीटर, बांधकाम दगडी, नाव मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं. एवढं प्रत्येकाच्या जर्नलमध्ये सापडेल. जे कुणाच्याच जर्नलमध्ये नाही, ते इथे लिहितोय.

पहिल्या रात्री जलाशयाच्या काठी शेकोटी केली. डिसेंबरची थंडी, त्यात पाण्यावरून येणारा वारा. सरपण संपलं तेव्हा आम्ही ज्यांच्या अंगणात उतरलो होतो त्या मामांनी पाडलेल्या जुन्या घराच्या सागवानी चौकटीचा एक तुकडा आणून दिला. तो पहाटेपर्यंत पुरला. सकाळी राखेत नुसते काळेभोर कोळसे उरले होते. तेवढ्यात बरोबर आलेल्या सरांनी एक प्रश्न टाकला. समजा, ३००० वर्षांनी कुणी इथे खणलं आणि त्याला हा कोळसा मिळाला, तर तुमची बॅच कोणत्या सालची हे त्याला कसं कळेल? कुणीतरी म्हणालं, बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख बघून. सर म्हणाले, पुडा जळाला असं धरा. मग मात्र सगळे गप्प.

सर म्हणाले, हाच प्रश्न या नदीच्या काठी एका माणसाने आयुष्यभर सोडवला. रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी आपली प्रवरा इथून रंधा, अकोले, संगमनेर करत नेवाशाच्या पुढे गोदावरीला मिळते. त्या काठावरच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडांखाली काय आहे, हे त्या माणसाने शोधलं. त्यांचं नाव डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया. परत आल्यावर लायब्ररीत बसून जे वाचलं, ते तुमच्यापुढे ठेवतो.

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत झाला. घर गुजराती, वकिलांचं. प्रकृती लहानपणापासून नाजूक. पुढे ज्या माणसाने उन्हातान्हात नद्यांचे काठ पायाखाली घातले, तो हाच यावर विश्वास बसत नाही. शाळकरी वयात लोकमान्य टिळकांचं 'आर्क्टिक होम इन द वेदाज' त्यांच्या वाचनात आलं. टिळकांनी वेदांचा काळ आकाशातल्या ताऱ्यांवरून काढायचा प्रयत्न केला होता. तो बरोबर की चूक हा मुद्दा वेगळा; पण हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट गणिताने पकडता येते ही कल्पनाच त्या मुलाच्या डोक्यात बसली. त्याने संस्कृत घेतलं.

सेंट झेवियर्समध्ये फादर हेरास यांच्या हाताखाली त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. सोबत कायद्याची पदवीही घेतली, पण वकिली केली नाही. मग लंडन. तिथे १९३७ साली गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएच.डी. मिळवली आणि मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननावर प्रत्यक्ष काम केलं. आपल्या भाषेत सांगायचं तर थिअरीबरोबर प्रॅक्टिकलही झालं. थर कसे ओळखायचे, कोणती वस्तू कोणत्या थरातली याची नोंद कशी ठेवायची, ही शिस्त त्यांनी तिथे अंगी बाणवली.

१९३९ साली पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं आणि सांकलिया तिथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. ते निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. सुरुवातीला हाताशी होते मोजके विद्यार्थी आणि पायपीट. पुण्याच्या आसपास भटकंती झाली, १९४१ पासून गुजरातच्या मोहिमा झाल्या, १९४५-४६ ला कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचं उत्खनन झालं.

त्या वेळी महाराष्ट्राच्या इतिहासाची अवस्था काय होती, हे लक्षात घ्यायला हवं. सिंधू संस्कृती माहीत झाली होती. दुसऱ्या टोकाला सातवाहन, नाणेघाट, लेणी हे सगळं माहीत होतं. मधे हजार-दीड हजार वर्षांचा अंधार. त्या काळात या दख्खनच्या पठारावर कुणी शेती करत होतं का, गावं होती का, याला उत्तरच नव्हतं. म्हणजे आपला इतिहास सातवाहनांच्या दारात येऊन थबकलेला.

१९५०-५१ साली सांकलिया आणि त्यांचे सहकारी डॉ. शां. भा. देव यांनी नाशिक आणि आपल्या संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याला उत्खनन केलं. जोर्वे प्रवरेच्या काठावरच आहे. तिथे तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी मिळाल्या आणि लाल रंगावर काळी नक्षी काढलेली, वाजवली तर खणखणीत आवाज देणारी भांडी मिळाली. लांब नळीची तोटी असलेला चंबू ही तर त्यांची खूणच. अशीच भांडी पुढे महाराष्ट्रात ठिकठिकाणी निघाली. आज जगभरच्या पुस्तकांत या लोकांना 'जोर्वे संस्कृती' म्हणतात. आपल्या जिल्ह्यातल्या (पूर्वीचा अहमदनगर, आता अहिल्यानगर) एका खेड्याचं नाव अशा रीतीने जगात पोचलं. संगमनेरच्या स्टँडवरून आपण कितीदा गेलो असू, पण एवढं कुणाला माहीत होतं?

१९५४ ते ५६ मध्ये नेवासा. ज्ञानेश्वरीचं नेवासा. तिथल्या लाडमोड टेकाडात थरावर थर होते. वर अलीकडचे, त्याखाली सातवाहनकाळचे, त्याखाली जोर्वे लोकांचे आणि नदीच्या गाळात त्याहूनही कितीतरी जुनी दगडी हत्यारं. जोर्वे लोकांच्या घरांत जमिनीखाली मातीच्या कुंभांत पुरलेली लहान मुलं सापडली. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांत ओवलेल्या धाग्याचे अवशेषही टिकले होते.

आता खरी अडचण. हे लोक सातवाहनांच्या आधीचे, हे थरांवरून नक्की झालं. पण किती आधीचे? शंभर वर्षं की हजार? मातीच्या जाडीवरून अंदाज करायचा म्हटलं तर गाळ काही मोजूनमापून साचत नाही. शिवाय दोन थरांच्या मधे गाव ओस पडलेलं असेल, तर ते किती वर्षं ओस होतं हे फावड्याला कसं कळणार? भांड्यांच्या नक्षीची इराणकडच्या नक्षीशी तुलना करता येते, पण तो शेवटी अंदाजच. दुसरा विद्वान दुसरा अंदाज करतो आणि वाद चालू राहतो.

उत्तर आलं ते केमिस्ट्रीतून. गंमत बघा, ते शोधणारे विलर्ड लिबी जन्मले १७ डिसेंबर १९०८ ला. म्हणजे सांकलियांहून बरोबर सात दिवसांनी लहान. एक मुंबईत, दुसरा अमेरिकेत कोलोरॅडोत.

लिबींची कल्पना आपल्या पहिल्या वर्षाच्या फिजिक्समध्येही बसते. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे हवेत कार्बन-१४ तयार होत राहतो. झाडं तो कार्बन डायऑक्साइडमधून घेतात, झाडांतून तो प्राण्यांत जातो. सजीव जिवंत आहे तोवर हे प्रमाण साधारण कायम राहतं. मेल्यावर नवीन भर थांबते आणि असलेला कार्बन-१४ ५७३० वर्षांत निम्मा होतो. उरला किती ते मोजा, काळ निघतो. १९४९ साली त्यांनी हे दाखवून दिलं आणि १९६० साली त्यांना नोबेल मिळालं.

ऐकायला सोपं, मोजायला महाकठीण. कारण जिवंत झाडातसुद्धा सुमारे दहा खर्व, म्हणजे १०^१२, कार्बन अणूंमागे कार्बन-१४ चा अणू एक. लिबींची रीत अशी, की अणू फुटायची वाट बघायची आणि फुटला की मोजायचा. त्यासाठी काही ग्रॅम कार्बन लागायचा. सांकलियांनी हे तंत्र फार लवकर ओळखलं. नेवासा आणि मध्य प्रदेशातल्या नावडातोलीचे जळके नमुने अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेले आणि १९५९ च्या सुमारास तारखा आल्या. इ. स. पूर्व दुसरं सहस्रक! अंधाराच्या मधोमध दिवा लागला. सिंधूच्या उतरत्या काळापासून पुढे दख्खनमध्ये शेतकरी नांदत होते, गहू-जव पिकवत होते, तांबं वापरत होते. पुढे झाडांच्या वर्षवलयांशी ताळा घेऊन या पद्धतीत दुरुस्ती झाली आणि या तारखा शे-दोनशे वर्षांनी आणखी मागे सरकल्या. आज जोर्वे संस्कृतीचा मुख्य काळ इ. स. पूर्व १४०० ते १००० असा धरतात.

यात सांकलियांचा मोठेपणा कुठे? मला वाटतं, दोन गोष्टींत. एक म्हणजे स्वतःचा अंदाज परक्या यंत्रासमोर ठेवायची तयारी. कसलेल्या नजरेला आकडा मान्य करणं जड जातं. आपण तर रीडिंग ग्राफवर बसलं नाही की रीडिंगच बदलतो! दुसरी गोष्ट म्हणजे नमुना. कोळसा कोणत्या थरातला, कोणत्या चुलीतला, वरून उंदराच्या बिळातून घसरलेला तर नाही ना, झाडाची मुळं त्यात शिरली आहेत का, हे सगळं खणतानाच बघावं लागतं. प्रयोगशाळा आम्ल-अल्काने नमुना धुऊन देईल, पण चुकीच्या थराचं लेबल धुता येत नाही.

ते एवढ्यावर थांबले नाहीत. भूगर्भ, माती, हाडं, जळकं धान्य यांचे जाणकार त्यांनी डेक्कन कॉलेजात गोळा केले. लंडनहून प्रा. झॉयनर यांना १९४९ साली गुजरातच्या कामासाठी आणलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, कार्बन-१४ ची प्रयोगशाळा उभी राहिली आणि नमुने देशातच मोजले जाऊ लागले. पुढे ते काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेलं.

१९६८ पासून पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजचं सर्वांत मोठं उत्खनन चाललं, ते १९८३ पर्यंत. शंभरावर घरं, दोनशेवर दफनं, धान्याची पेवं. सिव्हिलवाल्यांनी कान टवकारून ऐकावं अशी गोष्ट म्हणजे पुराचं पाणी वळवायला केलेला बांध आणि पाट. विल्सन धरणाच्या तीन हजार वर्षं आधी आपल्या भागात पाणी अडवायचा विचार झाला होता! भंडारदऱ्याला आणि घाटघरला पाऊस धो धो कोसळतो, आणि तीच नदी पुढे नेवाशाला पोचते तो मुलूख पर्जन्यछायेतला कोरडा. तेव्हाही गावं नदीला धरून का होती, याचं उत्तर ज्याने भंडारदऱ्याचा पावसाळा आणि नेवाशाचा उन्हाळा दोन्ही बघितलेत, त्याला सांगायला नको.

इनामगावात आणखी एक गोष्ट दिसली. इ. स. पूर्व १००० नंतर मोठी चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. प्रवरा-गोदावरीकाठची बहुतेक गावं तर त्याच सुमारास ओस पडली. पाऊस कमी झाला, असं उत्खनन करणाऱ्यांपैकी डॉ. म. के. ढवळीकर यांनी मांडलं. पण इंजिनिअरने विचारावं असा प्रश्न इथे उभा राहतो. आधी दुष्काळ आला आणि मग माणसं गेली, की माणसं आधीच पांगत होती? हे ठरवायचं तर तारखेतली शंभर वर्षांची चूकही परवडत नाही.

मी हॉस्टेलवर एक हिशोब केला. १ ग्रॅम ताज्या कार्बनात मिनिटाला सुमारे १४ अणू फुटतात, ३५०० वर्षं जुन्यात सुमारे ९. एक टक्क्याची अचूकता हवी तर १०,००० फुटलेले अणू मोजायला हवेत. एक टक्का म्हणजे साधारण ८० वर्षांचा फरक. १ ग्रॅम असेल तर १९ तासांत काम होतं. पण जवाच्या एका जळक्या दाण्यातून मिलिग्रॅमभरच कार्बन हाती लागला, तर? दोन वर्षांहून जास्त वेळ काउंटरसमोर बसा. म्हणून तेव्हा दाणे सोडून लाकडाचे कोळसे मोजत, कधी अनेक तुकडे एकत्र करून. आणि इथेच आपली शेकोटी आठवा. मामांची चौकट शंभर वर्षं जुनी असेल, तर त्या सागाचं खोड त्याहून जुनं. तीन हजार वर्षांनी तो कोळसा मोजणारा आमची बॅच इंग्रजांच्या काळात नेऊन बसवेल! जवाचा दाणा मात्र त्याच वर्षीच्या सुगीचा असतो, तो असं फसवत नाही.

सांकलिया १९७३ साली संचालकपदावरून निवृत्त झाले, १९७४ ला पद्मभूषण मिळालं, १९७८ ला आत्मचरित्र आलं. साधारण त्याच वेळी, १९७७ मध्ये, अमेरिका आणि कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी डाव उलटवला. अणू फुटायची वाट कशाला बघायची? न फुटलेलेच मोजू! त्या मिलिग्रॅमभर जुन्या कार्बनात कार्बन-१४ चे सुमारे ४ कोटी अणू शिल्लक असतात. टक्काभर हाती लागले तरी ४ लाख झाले. हेच त्वरक वस्तुमान वर्णपटमापन, सगळे त्याला एएमएस म्हणतात.

त्यात अडचण होती तोतयांची. नायट्रोजन-१४ चं वजन जवळजवळ तेवढंच, आणि कार्बन-१३ ला हायड्रोजन चिकटला तरी तेवढंच. युक्ती अशी केली, की नमुन्याचा ग्रॅफाइट करून त्यावर सीझियमचा मारा करायचा आणि ऋण आयन काढायचे. नायट्रोजनचा ऋण आयन टिकतच नाही, एक तोतया बाद. मग चुंबकाने १४ वजनाचे निवडून धन टोकाकडे ओढायचे आणि तिथे पातळ वायूतून पार करायचे. इलेक्ट्रॉन झडून आयन धन होतात आणि तेच टोक आता त्यांना पुढे ढकलतं. एकाच व्होल्टेजचा दोनदा फायदा. त्या झटापटीत जोडीने आलेले रेणू फुटतात, दुसरा तोतया बाद. पुढे पुन्हा चुंबक, आणि शेवटी डिटेक्टरमध्ये कार्बन-१४ एकेक करून मोजायचा.

सुरुवातीला यासाठी लाखो व्होल्टचे अजस्र त्वरक लागत. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरच्या आवारातला पेलेट्रॉन १४० लाख व्होल्टचा आहे, उभाच्या उभा मनोरा. पुढे झुरिकमधल्या संशोधकांच्या लक्षात आलं की वायू थोडा दाट ठेवला तर कमी व्होल्टेजलाही रेणू फुटतात. मग यंत्रं लहान होत गेली. आधी ५ लाख, मग २ लाख व्होल्ट. या शेवटच्याचा पसारा आपल्या हॉस्टेलच्या खोलीत मावेल एवढाच आहे (कॉट बाहेर काढाव्या लागतील). भारतात दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात ५ लाख व्होल्टचं यंत्र २०१५ पासून आहे. अहमदाबादच्या त्याच भौतिकी प्रयोगशाळेतही १० लाख व्होल्टचं यंत्र आलं आहे. एक दाणा, हाडाचा एक चुरा, मण्यात अडकलेल्या धाग्याचा तुकडा, एवढ्यावरही आता काम होऊ शकतं.

सगळंच सुटलं असं नाही. प्रवरेकाठच्याच दायमाबादला १९७४ साली सापडलेला काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्या काळाबद्दल वाद आहे, कारण धातूत मोजायला कार्बनच नाही. नेवाशाच्या गाळातली दगडी हत्यारं तर कार्बन-१४ च्या ५०,००० वर्षांच्या टप्प्यापलीकडची. तिथे दुसरे दुर्मीळ समस्थानिक लागतात: बेरिलियम-१० आणि ॲल्युमिनियम-२६. चेन्नईजवळच्या अत्तिरम्पक्कमची हत्यारं १५ लाख वर्षांच्या आसपासची आहेत, हे २०११ साली त्यांच्यावरूनच जाहीर झालं, आणि तेही एएमएसवर मोजून. मात्र ते समस्थानिक क्वार्ट्झमध्ये मोजतात. आपल्या काळ्या पाषाणाच्या हत्यारांना ती युक्ती जशीच्या तशी चालत नाही. म्हणजे आपल्यातल्या कुणासाठी तरी काम शिल्लक आहे.

२८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात सांकलियांचं निधन झालं. खोलीत मावणारं ते यंत्र त्यांनी पाहिलं नाही. पण एक शिस्त ते घालून गेले. आज जे मोजता येत नाही तेही थर लिहून, नीट बांधून जपून ठेवायचं. मोजणारा मागून येईल. जपलेला दाणा नसेल तर दोन लाख व्होल्ट काय आणि दोन कोटी काय, मोजणार कशाला?

निघायच्या दिवशी शेकोटीतला एक कोळसा मी ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून आणला. मेसच्या पोळ्यांचाच कागद होता. त्यावर पेन्सिलीने तारीख, जागा लिहिली आणि खाली एक ओळ जोडली : लाकूड जुन्या चौकटीचं, बॅचच्या वयाशी संबंध नाही.

तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी